पाहुणे बांधापलीकडे जेवले

मुडबीहून मंठाळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं शेत आहे आणि त्याला लागून काकांचं. मध्ये बांध, बांधावर कडुलिंबाचं एक झाड. वाटणीच्या वेळी हे झाड कुणाचं ते ठरवायचं राहून गेलं, आणि तेव्हापासून माझे वडील अप्पा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. झाडापर्यंत ही बातमी पोचलेली नसावी. ते सकाळी एका भावाला सावली देतं, दुपारनंतर दुसऱ्याला. शिवाय त्या शिवारात मोबाइलला रेंज फक्त त्याच झाडाखाली मिळते, त्यामुळे फोन करायला दोघांनाही तिथंच जावं लागतं. अशा वेळी ते पाठीला पाठ लावून उभे राहतात.

मला बघायला पाहुणे आले तो दिवस येळवशीचा होता. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात. हिवाळ्यात, ज्वारी पोटऱ्यात आलेली असताना ही अमावस्या येते आणि आमच्या भागातली गावंच्या गावं कुलूप लावून शेतात जातात. गल्लीत कुत्रीसुद्धा उरत नाहीत, कारण जेवण शेतात असतं. शेतात कडब्याची कोप उभी करतात, तिच्यावर घरातली बरी साडी पांघरतात, आत पाच दगडांना चुना लावून त्यांचे पांडव करतात. पूजा झाली की घरातला एक पुरुष आंबिलाचं मडकं घेऊन ‘ओलगे ओलगे’ ओरडत पिकाभोवती फिरतो. या शब्दाचा अर्थ काय, हे कन्नड येणाऱ्यांना विचारलं तर ते मराठी असेल म्हणतात, आणि मराठीवाले कन्नड असेल म्हणतात. ओरडायला त्यावाचून कुणाचं अडत नाही.

मग जेवण. शेंगा, तूर, वाटाणा, पातीचा कांदा आणि हाताला लागेल ती पालेभाजी एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि वर तांब्या तांब्या आंबिल. या जेवणाचा नियम एकच. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, बसवायचं, वाढायचं. तू कोण, कुठला, कुणाचा, हे ताट वाढण्याआधी विचारणं म्हणजे त्याचा अपमान. विचारायचंच असेल तर हात धुताना विचारावं. पुष्कळदा तेव्हाही राहून जातं.

त्या वर्षी अप्पांनी मला बघण्याचा कार्यक्रम याच दिवशी ठेवला. कारण व्यवहारी होतं. त्यांचं म्हणणं असं, की घरी बोलावलं तर पाहुण्यांना नुसती मुलगी दिसते. शेतात बोलावलं तर जमीन, विहीर, मोटार आणि मुलगी एका खेपेत बघून होते. हा क्रमही त्यांचाच.

माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. लातूरच्या एका दैनिकात बातम्या तपासण्याच्या कामावर मला उमेदवार म्हणून घेतलं होतं आणि अमावस्येनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. घरात यावर बरीच चर्चा झाली. तिच्यात माझं मत कुणी विचारलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं, हे त्याचं कारण सांगण्यात आलं. शेवटी अप्पांनी निकाल दिला.

“पाहुण्यांनी हो म्हटलं, तर लातूर बंद. न्हाई म्हटलं, तर खुशाल जा.”

म्हणजे माझी नोकरी हुमनाबादजवळ महामार्गावर ढाबा चालवणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या पसंतीवर आली. मुलगा त्यांचा. तो हैदराबादला कंपनीत होता. कोणत्या, हे कुणाला सांगता आलं नाही, पण कंपनी मोठी आहे यावर एकमत होतं. त्याचा फोटो मामांनी माझ्या फोनवर पाठवला होता. मी तो काकांच्या मुलीला दाखवला. आम्ही दोघी एकाच बसनं कॉलेजला जात होतो, आणि थोरल्यांचं भांडण बसमध्ये चढत नव्हतं. तिनं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि कान मोठे आहेत, एवढंच म्हणाली.

तयारी आठवडाभर चालली. पांडवांना लावून चुना उरला, तेव्हा अप्पांनी तो विहिरीच्या कठड्याला लावला. तरी उरला, तेव्हा गोठ्याच्या खांबांना. मोटारीच्या पेटीला हिरवा रंग दिला. शेजाऱ्याची एक धष्टपुष्ट गाय दिवसभरासाठी आणून बांधली. ती संध्याकाळपर्यंत आपल्या घराकडे तोंड करून हंबरत होती. मला आईनं सूचना दिल्या: लातूरचं नाव काढायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, विचारलं तर थोडं बोलायचं, आणि पेपर वाचते हे सांगायचं नाही.

मध्यस्थ मामा होते. ते मंठाळचे. पाहुण्यांसोबत त्यांनी यायचं हे रीतीला धरून होतं, पण येळवशीला स्वतःची कोप सोडून दुसऱ्याच्या शेतात जाणं हे त्याहून मोठ्या रीतीत बसत नव्हतं. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी आमच्या शेतात येऊन पाहुण्यांना फोनवर लोकेशन पाठवलं. लोकेशन पाठवायला रेंज लागते. रेंज झाडाखाली. तेव्हा मामांनी कडुलिंबाखाली उभं राहून, आमच्या घराण्यात ज्या जागेच्या मालकीचा निकाल लागलेला नाही नेमकी तीच जागा, पाहुण्यांना पत्ता म्हणून कळवली.

अमावस्येच्या दिवशी सकाळीच पूजा झाली. त्यानंतर अप्पांनी जाहीर केलं, की पाहुणे जेवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. पुढं असंही ठरलं, की रस्त्यानं जाणाऱ्यांना यंदा हाका मारायच्या नाहीत. ऐन वेळी कोपीसमोर कुणी भलताच बसलेला असला, तर ते बरं दिसणार नाही. आई म्हणाली, येळवशीला असं करू नये. अप्पा म्हणाले, एका वर्षानं काही होत नाही. लोक रस्त्यानं जात होते, चाल धीमी करून हाकेची वाट बघत होते, आणि पुढं जात होते. पुढं काकांचं शेत होतं.

दुपार झाली. आम्ही झाकलेल्या भांड्यांभोवती बसलो होतो. साडीची घडी मोडू नये म्हणून मला टेकायची मनाई होती. बांधाकडच्या बाजूला तूर डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे काकांच्या शेतातलं काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. आधी गाडी थांबल्याचा आवाज आला. मग काकांची कन्नडमधून ‘या, या’ अशी मोठी हाक, “बर्री, बर्री!” मग ताटांचा आवाज, बायकांचं बोलणं, आणि एका पुरुषाचं गडगडाटी हसणं, पुन्हा पुन्हा.

अप्पा भावाच्या शेताकडं बघत नाहीत. हे त्यांचं तत्त्व आहे. ते तुरीकडं पाठ करूनच म्हणाले, “फुकटे गोळा केलाय बघ. खायला बोलावलं की कोण बी येतंय.”

आईनं विचारलं, फोन करून बघायचा का. अप्पा म्हणाले, मुलीकडच्यांनी फोन करणं बरं दिसत नाही. शिवाय झाडाखालून त्या वेळी काकांचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं बांधापलीकडून काकांच्या मुलीच्या आवाजात ‘ओलगे ओलगे’ ऐकू आलं. हे पुरुषांचं काम. काकांचं गुडघ्याचं दुखणं वाढल्यामुळं मडकं घेऊन पळायचं काम तिनं उचललं होतं, आणि ती ते साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं करत होती. गडगडाटी हसणारा माणूस टाळ्या वाजवत होता. आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. परक्यांच्या देखत अशी वागणारी मुलगी आपल्या पोटी नाही, असं ते समाधान होतं.

ऊन उतरलं तेव्हा अप्पांनी आम्हाला जेवायची परवानगी दिली. भज्जी गार झाली होती आणि खिरीवर साय धरली होती. मी दोनदा भज्जी घेतली. पाहुणे आले नव्हते, म्हणजे त्यांनी हो म्हटलं नव्हतं, आणि सोमवार जवळ होता.

जेवून अप्पा मामांना जाब विचारायला झाडाखाली गेले. काका तिथंच भांडी गोळा करत होते. दोघांनी सवयीप्रमाणं पाठ फिरवली. अप्पांना फोन कानाला लावून कमी ऐकू येतं, म्हणून ते सगळं बोलणं स्पीकरवर करतात. मी ताट घासायच्या निमित्तानं जवळ होते, बांधापलीकडं काकांची मुलगीही.

अप्पा म्हणाले, “माणसं दिवसभर उपाशी ठेवली की हो. पाहुणे आले न्हाईत.”

मामा म्हणाले, “आले न्हाईत कसं? आत्ता फोन आलता त्यांचा. लई खूश हायत. जेवण झकास, शेत झकास. पोरगी पसंत हाय म्हणून सांगितलेत.”

“कोणची पोरगी?”

“तुमची की. मडकं घेऊन पळाली म्हणं. ढाब्यावाले म्हणायलेत, अशी सून असली तर ढाबा बघायला माणूस लागत न्हाई.”

अप्पांनी फोन बंद केला. काकांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा थोरल्या भावाकडं तोंड करून बोलले.

“ढाब्यावाले व्हय? पांढऱ्या गाडीतले? ते आमच्यात जेवले की.”

“तू इचारला न्हाईस, कोण हायत म्हणून?”

“येळवशीला कोण इचारतंय, अण्णा?”

पाहुण्यांनीही विचारलं नव्हतं. लोकेशन जुळत होतं, पोचताक्षणी कुणीतरी आनंदानं हाक मारली होती, समोर वयात आलेली मुलगी होती. चौकशीला जागाच नव्हती. काकांना मात्र मोठ्या भावाचे पाहुणे आपल्याकडं जेवून गेल्याचा झालेला आनंद लपवता आला नाही. त्यांनी उरलेली भज्जी घेऊन जायचा आग्रह केला. अप्पांनी ती नाकारली.

दोघे आपापल्या कोपीकडं गेल्यावर मी बांधावर चढून काकांच्या मुलीला गाठलं.

“तू तरी ओळखली असशील की. फोटो दाखवलाव की तुला.”

“ओळखलाव. कान बघूनच.”

“मग सांगितलं कामून न्हाईस?”

तिनं मडकं पालथं घातलं. “माझ्या बानं ताट वाढलते, आक्का. वाढलेल्या ताटावरनं उठवू का? आन् तुला लातूरला जायचंय न्हवं?”

मडकं घेऊन ती मुद्दाम तसं ओरडत पळाली होती. एवढं बघून कुणीही नको म्हणेल, असा तिचा हिशोब. तो चुकला होता. मी तिला तसं म्हटलं, तर ती मडक्याला लागलेलं आंबिल बोटानं पुसत म्हणाली,

“पोरगा तसा बरा हाय. तीनदा भज्जी घेतला, पण ताट सोताच उचलून नेऊन धुतला. आपल्यात कुणी धुतंय का?”

त्या रात्री घरात अप्पांच्या निकालाचा अर्थ लावण्यात आला. पाहुण्यांनी हो म्हटलं होतं, पण मला नाही. मला नाही म्हटलं होतं का? तेही नाही, मी त्यांना दिसलेच नव्हते. आईचं म्हणणं, त्यांना पुन्हा बोलावून खरी मुलगी दाखवावी. दुसऱ्या दिवशी मामांनी खरा प्रकार ढाब्यावाल्यांना सांगितला आणि तसा निरोपही दिला. उत्तर आलं, की आमची काही तक्रार नाही, ती मुलगीही चांगलीच असेल, पण आम्ही जिच्या हातचं जेवलो तिलाच मागणी घालणार.

आता गावाला सांगायला काहीतरी हवं होतं. पाहुणे आले नाहीत म्हणावं, तर काका ते शेजारी जेवल्याचं सांगत गावभर फिरत होते. आले म्हणावं, तर पसंती पुतणीची. अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि पारावर जाऊन निवेदन केलं. आम्हीच पाहुण्यांना थांबवलं. आमची मुलगी लातूरला पेपरात लागली, तिला आत्ता लग्नाचं कुठलं जमतंय? पाहुणे चांगले होते, हातचे जाऊ नयेत म्हणून धाकट्याच्या शेतात पाठवून दिले. गाव हे ऐकून घेत असताना मी घरात बॅग भरत होते. निवेदन खरं ठरायचं तर मला सोमवारी लातूरला असणं भाग होतं. ज्या नोकरीचं नाव काढायचं नाही असं मला बजावलं होतं, तिची माहिती अप्पा स्टँडवर बसच्या कंडक्टरला देत होते. मी खिडकीशी बसून ऐकलं. तीन वाक्यांत चार चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही.

काकांच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालं. लग्न ठरण्याआधी तिनं मुलाशी फोनवर बोलून शेवटच्या वर्षाची परीक्षा देण्याचं कबूल करून घेतलं, आणि ती सासरहून दिलीही. थोरला भाऊ म्हणून अप्पांना मांडवात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करावं लागलं. ढाब्यावाल्यांनी त्यांना मिठी मारली आणि येळवशीचं जेवण अजून जिभेवर आहे म्हणून सांगितलं. झाड अजून कुणाचंच नाही.

पुढच्या येळवशीला मी सुट्टी घेऊन आले. अप्पा सकाळपासून रस्त्यावर उभे होते. या वेळी त्यांना चूक होऊ द्यायची नव्हती. कुणी येताना दिसलं की ते आधी विचारत, “कोण तुम्ही? कुणाकडं निघालाव?” लोक थबकत, त्यांच्या तोंडाकडं बघत, कुणाकडं नाही म्हणत, आणि पुढं काकांच्या शेताकडं चालू लागत. भज्जी त्याही वर्षी आम्ही संध्याकाळपर्यंत खात होतो.