पाणी ओलांडून गेलेली तीन मुलं

एका मे महिन्यातल्या त्या तपासाची आठवण निघाली की मला अजूनही हसू आवरत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण नातवंडं गोष्ट मागतात तेव्हा मी हीच सांगतो. यातल्या कोणाचंही खरं नाव देणार नाही. मुलांची खोटी नावं मात्र बेधडक देईन, कारण ती कुठल्याच सरकारी कागदावर नाहीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नाशिकला, द्वारका चौकापासून जवळच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती आणि चहा आला होता. ठाण्यात चहा आला की मागोमाग खबर येतेच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. तशाच एक काकू धापा टाकत आत आल्या.

"साहेब, पोरं पळवली हो!"

"कोणाची?"

"कोणाचीच नाहीत, तीच तर पंचाईत आहे!"

पाणी पाजलं, खुर्ची दिली, मग सगळं नीट बाहेर आलं. काकूंच्या गल्लीत एक मिस्त्री आणि त्यांची बायको राहत. मिस्त्री दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये फवारणीची यंत्रं दुरुस्त करायचे, बायको शिवणकाम करायची. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. बालकल्याण मंडळाच्या आदेशानं निरीक्षणगृहातली तीन मुलं त्यांच्याकडे सांभाळायला दिलेली होती. दोन मुली आणि एक मुलगा, तिघंही अनाथ आणि एकमेकांच्या नात्यातली नाहीत. त्या दिवशी पहाटेच नवरा-बायको तिघांना घेऊन घराला कुलूप लावून निघून गेले होते. बरोबर ताडपत्री, बांबू आणि स्टोव्ह.

"अहो, सुट्टीला गेले असतील," मी म्हणालो.

"सुट्टीला? तो पोरगा आठवडाभर नळावर सांगतोय, आम्ही बोटीनं परदेशात चाललोय म्हणून! आणि वर म्हणतो, तिकडे आमची नावंपण बदलणार. आता बोला!"

मी चहाचा कप खाली ठेवला. लहान मुलांना आखातात उंटांच्या शर्यतीसाठी पळवून नेतात, अशा बातम्या त्या दिवसांत येत होत्या. काकू म्हणजे गल्लीतलं चालतंबोलतं वर्तमानपत्र असेल, पण त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. अशा माणसाची खबर उडवून लावायची नसते. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावली आणि निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना फोन केला.

"जिल्ह्याबाहेर जायला मंडळाची परवानगी लागते," अधीक्षक म्हणाले. "त्यांचा अर्जसुद्धा आलेला नाही. मुलं सापडली की थेट आमच्याकडे आणा."

"आणि पुढे?"

"पुढे काय? मुली एका संस्थेत, मुलगा दुसऱ्या. त्या घरी परत पाठवणं आता अवघड दिसतंय."

म्हणजे दोन्हीकडून पेच. खबर खरी असेल तर तीन लेकरांचा जीव धोक्यात, आणि खोटी असेल तरी एक घर मोडणार. मी जीप काढायला सांगितली.

दिंडोरीला मिस्त्रींच्या ओळखीचे एक बागाईतदार होते. ते पोलीस बघून आधी घाबरले, मग एकदम मोकळे झाले.

"ताडपत्री माझीच हाय साहेब. मला इचारत व्हता, भाऊच्या धक्क्यावरनं लाँच कुटं कुटं जाती. म्या म्हनलं, बाबा, म्या अजून गंगापूर धरणात पाय नाय बुडवला, मला काय इचारतो?"

"माणूस कसा आहे?"

"लय चांगला. पर पोरांपायी येडा हाय."

भाऊचा धक्का म्हणजे मुंबई. बिनतारी संदेश पुढे पाठवला आणि आम्ही कसारा घाट उतरलो. बरोबर एक महिला शिपाई आणि माझे जुने हवालदार. हवालदार मूळचे नामपूरचे, अहिराणी बोलणारे, कांद्याच्या बाजारात वाढलेले. चोराची मान धरायला वाघ, पण समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर तिकीट देणाऱ्या माणसाला विचारायचा अवकाश, तो वैतागून म्हणाला, "ते बांबूवाले ना? बांबू आडवे ठेवायचे की उभे, यावर अर्धी लाँच भांडली! काल रेवसला गेले."

रेवस म्हणजे अलिबागकडचा किनारा, परदेश नव्हे. हवालदारांनी सुटकेचा निःश्वास सोडला, मी नाही सोडला. लहान होडीतून किनाऱ्यावरून निघायचं आणि खोल समुद्रात मोठ्या बोटीवर चढायचं, ही तस्करांची जुनी रीत. आम्ही पुढची लाँच पकडली. निघून थोडा वेळ झाला असेल-नसेल, हवालदारांनी कठड्याला मिठी मारली. "साहेब, मी मरी जासू," म्हणत त्यांनी सकाळचा नाश्ता समुद्राला अर्पण केला. महिला शिपाई पदरात तोंड लपवून हसत होती. नऊवारी साडीतल्या एका कोळीणबाईंनी लिंबू काढून दिलं तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

तिकडच्या ठाण्याला कळवून, सहा आसनी रिक्षावाल्यांकडे चौकशी करत आम्ही एका छोट्या गावाच्या किनाऱ्यावर पोहोचलो. सुरूच्या झाडांत निळा तंबू दिसला. ताडपत्री कापून, शिवून, व्यवस्थित दार काढून उभा केलेला. अहो, दाराला पडदासुद्धा होता! बाई स्टोव्हवर काहीतरी शिजवत होती आणि मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे राहून तिन्ही मुलांवर ओरडत होते, "फुडं जाऊ नका रं! सांगितलेलं कळत नाय का?"

खाकी वर्दी दिसताच मिस्त्री मुलांना घेऊन पाण्याबाहेर आले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि महिला शिपायाने मुलांना झाडाखाली बसवलं. चौकशीचा पहिला नियम असा की प्रत्येकाला वेगळं विचारायचं. मुलांची नावं मी फोनवरच अधीक्षकांकडून लिहून घेतली होती. आधी मुलाला बोलावलं. असेल नऊ-दहा वर्षांचा.

"नाव काय तुझं?"

"कप्तान."

"खरं नाव सांग."

"इथं हेच खरं आहे."

धाकटी सहा वर्षांची. तिने छाती पुढे काढून सांगितलं, "जिलेबी."

हवालदार एव्हाना सावरले होते. ते माझ्या कानाशी लागले, "साहेब, पोरेसना नावे बदली टाकेल शेतस! काकू खोटं नही बोलनी!"

नावांची यादी मी पुन्हा काढून पाहिली. पण नावं बदलून पोरं पळवणारा माणूस एखाद्या मुलीला जिलेबी कशाला करेल? मी महिला शिपायाला म्हणालो, नावाचं राहू दे, घरातलं विचार. मग जे सुरू झालं ते थांबेचना.

"आई समुद्रात अंघोळ झाली तरी परत गोड्या पाण्यानं अंघोळ घालते," कप्तान म्हणाला. "आणि बाबा इथंसुद्धा पाढे म्हणायला लावतात. परदेशात कुणी पाढे म्हणतं का?"

"बाबा घोरतात," जिलेबी म्हणाली. "तंबू हलतो. आणि मला जिलेबी म्हणायचं ठरलंय तरी आई विसरते. मी कट्टी केलीय तिच्याशी."

"मग जेवलीस का?"

"तिनं भरवलं म्हणून जेवले. पण कट्टी आहे."

इथेच माझ्यापुरता तपासाचा निकाल लागला. का, ते सांगतो. पढवलेली, धास्तावलेली मुलं मी बरीच पाहिली होती. ती कधी तक्रार करत नाहीत. "मावशी फार चांगली आहे, पोटभर जेवायला देते," असं एकच वाक्य सगळी मुलं एकाच सुरात म्हणतात, आणि म्हणताना मावशीकडे बघतात. ही दोघं मात्र पोलिसांसमोर आई-बापाविरुद्ध गाऱ्हाण्यांचा पाऊस पाडत होती, एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याशी जुळत नव्हतं, आणि बापाकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. ज्याला घरातून हाकलतील ही भीती नाही, तेच पोर आईशी कट्टी करतं.

राहता राहिलं नावाचं कोडं, ते हवालदारांनी सोडवलं. वासावर त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. आत घुगऱ्या. बारशाला वाटतात तशा, हरभरे शिजवून केलेल्या.

"बाई, बारसं कोनं शे?" त्यांनी विचारलं.

बाईंच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. "तिघांचंबी," त्या म्हणाल्या. "साहेब, ह्यांचं बारसं कुणीच केलं नाही. हा स्टेशनवर सापडला, तर ज्याला सापडला त्यानं जे सुचलं ते नाव घातलं. त्या धाकटीचं संस्थेत घातलं. चांगली नावं आहेत, तक्रार नाही. पण कुणी पाळण्यात घालून, कानात सांगून ठेवली नाहीत ना. म्हणून वर्षातून एकदा आम्ही पाणी ओलांडतो, घुगऱ्या करतो, आणि ज्याला जे आवडेल ते नाव ज्यानं त्यानं घ्यायचं. परत आलं की पहिलं नाव."

"आणि हे परदेशाचं काय खूळ?"

आता मिस्त्री पुढे सरसावले. "वर्गातल्या पोराचा मामा फॉरेनला गेला, तर ह्यानं इचारलं, बाबा, परदेश म्हंजी काय? मला तरी कुटं ठावं? मी म्हनलं, पाणी वलांडलं की परदेश. पयल्या वर्षी रामकुंडापाशी गोदावरी वलांडून पंचवटीत गेलो. दुसऱ्या वर्षीबी तितंच, तर पोरं म्हनली, हा कसला परदेश, पाय सुदिक भिजत नाय. मंग यंदा म्हनलं, समुद्रच घेऊ. तुमीबी पाणी वलांडलं साहेब, म्हंजी तुमीबी परदेशात हाय."

मी पोट धरधरून हसलो. हवालदारांचं नाव जिलेबीने 'लिंबूमामा' ठेवलं. लाँचवरची हकिगत महिला शिपायाने तिला सांगून टाकली होती. लिंबूमामांनी दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या.

थोरली मुलगी मात्र अजून बोलली नव्हती. बारा-तेरा वर्षांची, समंजस. तिला काय चाललंय ते पुरतं कळलं होतं. मी विचारलं, "तू काय नाव घेतलंस गं?"

तिने मान खाली घालून सांगितलं. स्वतःचं नाव तेच, यादीतलंच. फक्त त्याच्यापुढे मिस्त्रींचं नाव लावलेलं आणि त्यापुढे त्यांचं आडनाव.

"दरवर्षी हेच घेते," कप्तान कुरकुरला. "हे काय नाव आहे का?"

आपल्याकडे पोर शाळेत गेलं की पहिल्या दिवसापासून मधे बापाचं नाव लावून पुकारलं जातं. त्या मुलीच्या कागदावर त्या जागी 'अज्ञात' होतं. ती मला हळूच म्हणाली, "काका, आम्हाला वेगवेगळं ठेवणार का?" त्या माउलीसारखी टपटप आसवं गाळायची सोय वर्दीत नसते, म्हणून मी समुद्राकडे बघत उभा राहिलो.

प्रकरण मिटवून टाकावं असं फार वाटलं, पण संदेश वरपर्यंत गेले होते. मंडळापुढे अहवाल देणं भाग होतं. बैठकीपर्यंत मुलं मिस्त्रींकडेच राहू द्यायला अधीक्षक माझ्या हमीवर तयार झाले. मी लिहिलं, 'मुले पालकांबाबत मोकळेपणाने तक्रारी करतात, सबब ती सुरक्षित असल्याची माझी खात्री झाली आहे.' वरिष्ठांनी बोलावून विचारलं, "हे काय लिहिलंय? ऊन लागलंय का तुम्हाला?" मी म्हणालो, "साहेब, एक शब्द बदलणार नाही." त्यांनी अहवाल पुन्हा वाचला आणि सही केली.

मंडळाची बैठक भरली. काकूही आल्या होत्या, आपण काय करून बसलो म्हणून पार खचून. अध्यक्षबाई करड्या होत्या, आणि त्यांचं चूकही नव्हतं. परक्याच्या मुलांची जबाबदारी घेणाऱ्यानं करडंच असावं लागतं. अधीक्षकांनी नियम वाचून दाखवला. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "जिल्ह्याबाहेर नेताना परवानगी घ्यायची, हे तुम्हाला सांगितलेलं होतं की नव्हतं?"

"व्हतं," मिस्त्री म्हणाले.

"मग का नाही घेतली?"

एरवी अखंड बोलणारे मिस्त्री नुसती टोपी चुरगाळत राहिले. मग बाईच उठून उभ्या राहिल्या.

"चुकलं ताई," त्या म्हणाल्या. "आमच्या ध्यानातच राहिलं नाही."

"काय ध्यानात राहिलं नाही? नियम?"

"नाही ताई. ही आमची नाहीत, ते."

मागून काकूंचा हुंदका ऐकू आला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि मुलं आहेत तिथेच राहतील असा आदेश दिला. वर तंबी दिली, "पुढच्या वेळी परदेशी जाण्याआधी कळवायचं!"

एवढ्या नोकरीत मी किती कबुलीजबाब घेतले. काही धाकाने आले, काही पश्चात्तापाने, बरेचसे वकिलाच्या सल्ल्याने फिरवले गेले. गुन्हा कबूल करताना माणूस स्वतःला थोडं तरी झाकतो, हे मी शिकलो होतो. त्या दिवशी ते शिकणं अर्धवट होतं असं कळलं. भर बैठकीत, सरकारी कागदावर, एका आईने आपला गुन्हा जसाच्या तसा कबूल केला, आणि त्याच कबुलीने तिची तिन्ही मुलं तिला मिळाली.