लाल गाडीची कॅसेट

वन्संनी माझ्या पोरीचं दप्तर भर अंगणात पालथं केलं तवा मी तान्ह्याला पाजत बसले व्हते. दप्तरातनं पाटी पडली, पेन्शिलीचं थोटूक पडलं, चिंचोके पडले, बांगड्यांच्या काचा पडल्या. कॅसेट काय पडली न्हाय. तरी वन्सं म्हणल्या, "लपवायला दप्तरच लागतं असं कुठं आहे?"

वन्सं म्हंजी माझ्या मालकांची थोरली भन. दाजी मस्कतला कामाला, म्हणून त्या बी तिकडंच, आन् लई दिसांनी मे म्हयन्यात म्हायेरी वरकुट्याला आलेल्या. संगं त्यांचा पोरगा, आन् पोराच्या हातात ती मशीन. तळहाताएवढी, करड्या रंगाची, मधी काच, काचंत चित्रं पळायची आन् किडा वरडावा तशी बारीक वाजायची. मशीनीच्या पाठीत एक चौकोनी कपचा बसायचा, बिस्कुटाएवढा, त्याला कॅसेट म्हणायचं. कॅसेट बदलली की खेळ बदलायचा. अशा तीन आणल्या व्हत्या. त्यातली लाल गाडीचं चित्र असल्याली म्हंजी पोराचा जीव की प्राण, तीच गायब झाली. आन् त्या दिशी मशीनीपाशी शेवटी बसल्याली दिसली ती माझी पोरगी, औंदा दुसरीत जाणारी.

"आये, म्या निस्ती बघत व्हते," पोरगी म्हणली.

"निस्तं बघता बघताच वस्तू जातात," वन्सं म्हणल्या. "आत्ताच सवय मोड गं हिची. पुढं तुलाच जड जाईल."

शेजारच्या दोघीजणी ताकाला आल्या व्हत्या, त्यांचं ताक घेऊन झालं तरी जागच्या हालंनात. आमच्या आळीत एक म्हातारी हाय, तिनं ल्हानपणी कुणाचं पैंजण उचललं का न्हाय ते देवाला ठावं, पर आज तिला नातवंडं झाली तरी ती दारात आली की बाया आपल्या बांगड्या चाचपत्यात. माझी पोरगी अजून सातची न्हाय, आन् तिच्या जल्माला ह्ये चिकटलं तर? कुठं उजवायची तिला, कोण करील?

पयला संशेव म्या माझ्याच पोरीवर घेतला. तिला शेळ्यांच्या गोठ्यात नेलं, म्हणलं खरं सांग, मी मारणार न्हाय. तिनं गळ्याला चिमटा घेऊन शपत घेतली. तरी म्या धान्याची कणगी उसकली, कोंबड्यांचं खुराडं बघितलं. मग मला समद्यांचाच संशेव याया लागला. त्या ताकवाल्या दोघी रोज इतका येळ कशाला बसत्यात? वन्संच्या पोरानं सोताच मोडली असंल आन् भ्यानं पुरली असंल. न्हायतर वन्संनी मस्कतलाच इसरली असंल आन् हितं आल्यावर ध्यानात आलं असंल. जेवताना मी लोकांच्या हाताकडं बघायची, कुणाचा हात कुठं जातोय.

मालक साखर कारखान्यावर कामाला. त्ये म्हणले, "एवढ्या कपच्यापायी काय रडारड लावलीया? बारामतीत मिळत न्हाय असं काय हाय? आण दुसरी आन् मिटीव."

वन्सं म्हणल्या, "मिळाली तर आण. पण ओरिजिनल पाहिजे. फक्त ह्याच मशीनसाठी निघालेली आहे ती, दुसऱ्या कशाला लागत नाही. डुप्लिकेट आणून माझ्या हातात देऊ नको." नमुना म्हणून त्यांनी उरलेल्या दोनातली एक दिली, आन् देताना म्हणल्या, "ही तरी परत येऊ दे."

चुलीम्होरं आत्याबाई भाकरी थापत व्हत्या, माझ्या सासूबाई. त्यांनी वर बघितलंच न्हाय. "गेली ती बरी गेली," एवढंच म्हणल्या. मला वाटलं सुनंवर राग हाय.

नमुना पदराच्या गाठीत बांधला, गाठ पोलक्यात खवली, तान्हं कडंवर घेतलं आन् येष्टीनं इंदापूरला गेले. ष्ट्यांडापाशी रेडिओ-टेपचं एक दुकान व्हतं. दुकानदारानं फळीवरनं एक पिवळीजरद कॅसेट काढली, चांगली बचकंत न मावणारी.

"ही घ्या. गेमचीच हाय."

"दादा, ही केवढी आन् माझी केवढी! ही ह्यात बसंल का?"

"वाईच घासून बसवा की."

"तुमी तुमच्या पायाला पोराची चप्पल घासून बसवता का?"

बाजूचं गिऱ्हाईक हासलं, तो बी हासला, मग म्हणला की ही टीव्हीला जोडायच्या गेमची हाय, हातातल्या मशीनचं बारामतीला इचारा. म्हंजी त्याला पयल्यापास्नं म्हाईत व्हतं. तितनं निघाले ते बारामतीची येष्टी धरली. गाडीत शेजारची बाई सारखी माझ्या छातीकडं बघत व्हती. मला वाटलं गाठीवर नजर हाय. मग कळलं, तान्ह्यानं पोलकं भिजावलं व्हतं.

बारामतीत एका बोळात टेप-टीव्ही दुरुस्तीवाला व्हता. कानामागं पेचकस खोसल्याला, म्होरं तारांचा पसारा.

"नमुना दाखवा बघू, ताई."

"लांबनंच बघा."

"आवो, म्या काय खाणार हाय का ती?"

"बदलाल."

"बदलायला माझ्याकडं तसली दुसरी असाया तर पायजे!" तो म्हणला. मग त्यानं हात मागं बांधलं आन् नुसतं वाकून बघितलं. "पाठ फिरवा बरं कॅसेटची. हां. ह्यो स्क्रू बघा, ह्याच्या डोक्याला खाच हाय का? आपल्या कुठल्या पेचकसानं ह्यो फिरत न्हाय. आन् पिलाष्टिकात कंपनीचं नाव दाबून काढलंया, बोट फिरवा, लागतंय का? ही खरी. असली बारामतीत न्हाय. पुण्यात बी घावंल का सांगता याचं न्हाय, भाईरदेशातनं कुणी आणली तरच."

मग त्यानंच डब्यातनं एक काढून ठिवली. वर तीच लाल गाडी!

"पर ही कापी हाय, आधीच सांगतो," तो म्हणला. "कवा चालंल, कवा मधीच आडकंल."

आमच्यात जनावराच्या बाजाराला इकणारा आपणहून खोड सांगाया लागला की शाणा माणूस सावध हुतो. सांगितली त्यापरीस मोठी खोड दडवल्याली असती. मला वाटलं, हीच आमची खरी असंल, चोरीची, म्हणून हा कापी कापी म्हणतोय.

"ही तुमाला कुणी इकली?"

"मुंबईवरनं माल येतो, ताई."

"वरकुट्याचं कुणी आल्तं का हितं? खरं सांगा. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगा."

"कुणाच्या लेकराच्या?"

"ह्याच्याच," म्या तान्हं म्होरं केलं.

त्यानं खरंच हात ठिवला. "वरकुटं कुठल्या वाटंला हाय ते बी मला म्हाईत न्हाय, आये शप्पत. घ्यायची तर घ्या, न्हाय तर ऱ्हाऊ द्या."

म्या पाठ फिरवून बघितली. स्क्रूच्या डोक्याला फुलीची खाच व्हती. खोटीच व्हती ती. मला कळत व्हतं, वन्संनी बजावलं व्हतं ते बी कानात वाजत व्हतं, पर मोकळ्या हातानं घरी जायाची माझी छाती हुईना. म्हणलं, पोरगं लाल गाडी बघून गप व्हईल, त्याला कुठं स्क्रू कळतोय. घितली.

घरी आल्या आल्या म्या नमुना वन्संच्या हातात दिला, आन् पोरानं नवी कॅसेट मशीनीत घातली. काच उजळली, गाडी पळाली, पोरगं हासलं, मी बी हासले. मग काचंत आडव्या रेघा आल्या आन् गाडी थिजली. पोरगं हातपाय आपटाया लागलं. वन्संनी कॅसेट उपसली, पालथी केली, आन् माझ्याकडं बघितलं.

"मला येडी समजलीस? खरी दडवून खोटी आणलीस?"

"वन्सं, म्या कशाला..."

"बारामतीपर्यंत एकटी गेलीस ती काय करायला गेलीस, विकायला का आणायला? मायलेकी दोघी सारख्याच."

पयलं एकट्या पोरीचं नाव व्हतं, आता माझं बी झालं, आन् त्ये म्याच माझ्या पायानं चालत जाऊन केलं.

दुसऱ्या दिशी वैरणीला निघाले. रोजची वाट उसातनं, पर उसाला पाणी सोडलं व्हतं, चिखल, म्हणून तान्ह्याला घेऊन तिकटीवरनं गेले, जितं तीन वाटा मिळत्यात तितनं. मधोमध उतारा पडला व्हता. आंगावरनं उतरून टाकल्याला, पत्रावळीच्या तुकड्यावर सुकल्यालं लिंबू, काळ्या पडल्याल्या भाताचा मुटका, कुकू. उतारा वलांडायचा न्हाय आन् त्याला शिवायचं न्हाय, जो शिवंल त्याला त्ये धरतं. आमच्याकडचं शेंबडं पोरगं बी उताऱ्यातला नारळ उचलत न्हाय. मी बी पदर तान्ह्याच्या तोंडावर वढला आन् वाटंच्या कडंनं गेले. चार पावलं गेले, वळून बघितलं आन् पाय आडकलं. भाताच्या मुटक्यात कायतरी करडं खोसलं व्हतं. चौकोनी. मुंग्या लागल्याल्या, तरी लाल चित्राचा एक कोपरा दिसत व्हता.

म्हंजी सारा गाव हितनं येत जात व्हता. समद्यांनी उतारा बघितला असणार, आन् त्यात काय खोसलंया ते कुणीच वळून बघितलं नसणार.

आत्याबाईंचं 'गेली ती बरी गेली' मला आता उमगलं, वैरणीला न जाता मी तशीच माघारी आले. वन्सं न्हाणीत व्हत्या. आत्याबाई परसात तूर पाखडत व्हत्या. म्या इचारलं न्हाय, नुसतं म्हणलं, "तिकटीवर बघितली." त्यांचं सूप थांबलं.

"हळू बोल," त्या म्हणल्या. "म्याच टाकली. पोरगं त्या काचंतनं डोळं काढीना, हाक मारली तर वो दीना, झोपंत बी अंगठं हालायचं त्याचं. म्या ध्यान ठिवून बघितलं, त्यो कपचा काढला की मशीन मरती आन् घातला की जित्ती हुती. म्हणलं, जे काय हाय ते मशीनीत न्हाय, कपच्यात हाय. अवसंला उतरून टाकला."

"आन् माझ्या पोरीवर आळ आला तवा?"

"लेकीला काय सांगू? ती म्हणंल आई आडाणी, पुन्यांदा पोराला दावायची न्हाय मला. तुझी पोरगी काय, हितंच हाय. इसरतील लोकं."

"लोकं इसरत न्हाईत, आत्याबाई."

त्यांनी सूप खाली ठिवलं. मग माझ्या मनातलं वळखून म्हणल्या, "हात लावू नगंस. तान्हं हाय आंगावर. माझं सोड, त्याचा तरी इचार कर."

म्या तान्हं त्यांच्या मांडीवर ठिवलं आन् निघाले. ऊन डोक्यावर आलं व्हतं, वंगाळ येळ, रस्त्याला चिटपाखरू न्हाय. तितं उभी ऱ्हायले. मला लई भ्या वाटलं, खोटं कशाला सांगू. पदरानं उचलावी म्हणलं, मग आठवलं, ह्याच पदराखाली मी तान्ह्याला घेती. बिरुबाचं नाव घितलं आन् नुसत्या हातानं उचलली. मुंग्या मनगटावर चढल्या. हात आंगापास्नं लांब धरून घरापतूर आले. वाटंत ताकवाल्यांतली एक भेटली, माझ्या हाताकडं बघून बांधावर चढली. मग मागं मागं आली, दुसरीला बी हाक मारून घिऊन.

वन्सं बाजंवर केस वाळवत व्हत्या. म्या कॅसेट वट्यावर ठिवली.

"ही तुमची. पाठीमागचा स्क्रू बघून घ्या."

त्यांचा हात म्होरं आला. "कुठं होती?"

"तिकटीवर. उताऱ्यात."

हात तितंच थांबला. पोरगं धावलं, तसं वन्संनी त्याची कॉलर धरून मागं वढलं. "शिवू नगंस रं तिला!" मस्कतला जाऊन आल्याली शुद्ध बोली कुठल्या कुठं गेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्यावरनं आत्याबाईंकडं. आत्याबाई दारात, मान खाली घालून, झोपल्याल्या तान्ह्याला थोपटत व्हत्या. वन्सं ह्याच घरात वाढल्याल्या. त्यांना समजावून सांगावं लागलं न्हाय.

"ऱ्हाऊ दे," वन्सं म्हणल्या. "तुझ्या पोरीला दे खेळायला."

त्यांच्या मनात काय व्हतं ते मला तवा कळलं न्हाय आन् आजबी कळत न्हाय. चुकलं म्हणून देत व्हत्या, का त्यातलं जे काय आसंल ते आपल्या पोराऐवजी माझ्या पोरीमागं लावत व्हत्या? आन् मशीन न्हाय, निस्त्या कपच्याशी ती खेळणार तरी काय? म्या म्हणलं, "न्हाय, वन्सं. माझ्या पोरीनं घितली नव्हती. मग ती आमच्याकडं ऱ्हायची कशाला? तुमची हाय, तुमीच उचला."

कुंपणाशी दोघी उभ्या. पोरगं रडतंय. आत्याबाई हळूच म्हणल्या, "गोमूत्र तरी शिपडा."

"आई, पाण्यानं खराब होईल ती!" वन्सं खेकसल्या. मग उठल्या, दोन बोटांनी कड धरून कॅसेट उचलली, भात फुकून काढला, पाठीमागचा स्क्रू बघितला. आन् माझ्याकडं न बघता, कुंपणाकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणल्या, "सापडली. पोरीनं घेतली नव्हती."

त्या दोघी ताकाचं न इचारताच गेल्या. अंगणात मशीन वाजाया लागली.

म्या राखंनं कोपरापतूर हात घासलं, धुतलं, परत घासलं. तान्हं जागं झालं, भुकंनं कळवळून रडाया लागलं. मी वल्ल्या हातानं त्याला घ्यायला गेले. आत्याबाईंनी ते माझ्या हातात दिलं न्हाय. खाली वाकळंवर ठिवलं, दोन पावलं मागं सरल्या, आन् मग म्या ते तितनं उचललं.