तीन नंबरचा वाल

होळीची राख थंड व्हायच्या आत हबीबचाचा पाना घेऊन मशिनींच्या मागे लागायचे. आमच्या रस्त्याच्या कामावर चार पोकलेन, दोन रोलर आणि एक ग्रेडर. उन्हाळा लागण्याआधी या प्रत्येकाच्या इंजिनातून एकेक पितळी वाल काढून टाकायचा, हा त्यांचा नेम. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचं आणि तापलं की तोंड उघडून ते रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच त्या वालाचं काम. चाचा म्हणायचे, "उन्हाळ्यात इंजन सकाळपासूनच तापलेलं राह्यते, बाप्पा. मंग दारावर चौकीदार कायले?"

काढलेले वाल ते तारेत ओवून स्टोअरच्या खिडकीला टांगून ठेवायचे, प्रत्येकाला मशीनच्या नंबराची चिठ्ठी. दिवाळीनंतर थंडी पडली की चहाच्या शेगडीवर पातेल्यात पाणी उकळून एकेक वाल त्यात सोडायचे. जो तोंड उघडेल तो परत इंजिनात, जो उघडणार नाही तो भंगारात. पहिल्या वर्षी त्यांनी मला जवळ बसवून हे दाखवलं होतं. "अन् बाहेर काढला का घाईनं बोलजो नको. थंड झाला का तो आपोआप मिटते. जे पाह्यचं ते पाण्यात असतानाच पाह्यचं. पयले पाह्य, मंग बोल."

'पयले पाह्य, मंग बोल' हे त्यांचं पालुपद. मी यवतमाळचा, डिप्लोमा करून नुकताच लागलेला. मशिनींच्या देखभालीची जबाबदारी कागदावर माझी होती आणि प्रत्यक्षात राळेगावच्या या साठी ओलांडलेल्या मिस्त्रीची. वाल काढणं ही अडाणी मिस्त्र्यांची खोड आहे, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. चाचांनी हात पुसत विचारलं, "तुह्या पुस्तकात आपल्या इकडचा मे महिना लिवला आहे का?" नव्हता लिहिला. मी गोंधळलो, आणि पुढची तीन वर्षं त्यांच्या हाताखाली गोंधळलेलाच राहिलो.

कारण त्यांच्या बोलण्याचा मेळच लागायचा नाही. एका ऑपरेटरला सांगायचे, काम थांबलं की इंजिन लगेच बंद करू नको, पाच मिनिटं हळू चालू दे. दुसऱ्याला सांगायचे, बंद कर अन् खाली उतर. मी वहीत दोन्ही लिहून घेतलं आणि विचारलं, यातलं खरं कोणतं? "दोन्ही," चाचा म्हणाले. "इंजनाले पाच मिनिटं पाह्यजेतच. पण तो दुसरा सकाळपासून पाणी पेला नाही. त्याचं इंजन तू बंद करजो, पाच मिनिटांनं." प्रत्येक केबिनमध्ये ते एक कांदा टांगायचे. मी हसलो तर म्हणाले, "मशीनले लू लागत नाही. पण मशीन चालवणारा कांदा पाह्यते अन् त्याले याद येते का लू लागत असते." हे शास्त्र की श्रद्धा, मी वहीत कोणत्या पानावर लिहावं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

रेडिएटर मात्र ते फार मनापासून धुवायचे. आमच्या भागात धुळीपेक्षा कापूस वाईट. कापसाच्या जिनिंग मिलजवळ काम असलं की हवेत उडणारी रुई पंखा ओढून घेतो आणि ती रेडिएटरच्या जाळीत घोंगडीसारखा जाड थर होऊन बसते. चाचा आतल्या बाजूनं पाणी मारायचे. "जिकडून कचरा आला तिकडूनच त्याले वापस पाठवायचा." मग पलीकडून बॅटरीचा झोत धरायचे आणि अलीकडं उभ्या असलेल्याला विचारायचे, "पाह्य बरं, आरपार उजेड दिसते का?" मला वाटायचं, हे आम्हाला शिकवण्यासाठी. तिसऱ्या वर्षी तीन नंबरच्या पोकलेनला झोत धरून त्यांनी मला विचारलं तेव्हा मी फोनवर होतो. फोनमधून मान वर न काढता म्हणालो, "दिसते, चाचा."

त्याच वर्षी माझ्या अंगात शहाणपण आलं. एप्रिलमधल्या एका सुटीच्या दिवशी तीन नंबरचा वाल मी तारेतून सोडवला आणि गुपचूप इंजिनात परत बसवला. उन्हाळाभर मशीन ठणठणीत चालवून दाखवायचं आणि मग चाचांना सांगायचं, असा बेत. पातेल्यात उकळून बघायचं तेवढं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, मीच टाळलं; मला त्या पातेल्याचं हसू यायचं.

मे महिन्यात मुकुटबनच्या बाजूला भर दुपारी तीन नंबर बसलं. तापमानाचा काटा लालमध्ये गेलेला ऑपरेटर रामधनला दिसला तोवर वाफ बाहेर पडत होती आणि इंजिन जाम झालं होतं. मी सगळ्यात आधी पोचलो. रामधनला मॅनेजर साहेबांना आणायला गाडी घेऊन पाठवलं, आणि इंजिन जरासं निवताच, ते यायच्या आत, वाल काढून खिशात घातला. हात पोळला होता. तो पोळला याचं तेव्हा बरंच वाटलं.

साहेबांनी रेडिएटर उघडायला लावला. मागच्या, तेल थंड करणाऱ्या कूलरच्या आणि त्याच्या मधल्या फटीतून मूठ-दोन मुठी रुई निघाली. साहेब चाचांकडे वळले. "मिस्त्री, हे साफ केलं होतं?"

"केलं होतं, साहेब. आरपार उजेड दिसला होता."

उजेड कोणाला दिसला होता, हे ते बोलले नाहीत. एकदा माझ्याकडे पाहिलं, बस. मला तेव्हा खिशातल्या वालाशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. एवढ्याशा रुईनं मशीन जळतं, की न उघडलेल्या वालानं? मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची हिंमतही नव्हती. संध्याकाळी चाचांना कामावरून काढलं. त्यांनी आपले पाने फडक्यात बांधले, सगळ्यांना सलाम केला आणि राळेगावची एसटी धरली. मी त्यांची पिशवी स्टँडपर्यंत उचलून नेली. तोंड काही उघडलं नाही.

दिवाळीपर्यंत तो वाल माझ्या टेबलाच्या खणात होता. उकळत्या पाण्यात टाकायचा, एवढं साधं काम. रोज चहा व्हायचा, रोज पाणी उकळायचं, आणि मी खण लावून घ्यायचो. शेवटी थंडी पडल्यावर राळेगावला गेलो. चाचा अंगणात खाटेवर बसले होते. अंगानं उतरले होते. "कोन आहे?" असं त्यांनी विचारलं, मी अगदी समोर उभा होतो तरी. आवाजावरून ओळखलं आणि खूश झाले. "ये बेटा, बस. मशिनी कशा आहेत?"

मी वाल त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ वालावरून अंगठा फिरवत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"उकळून पाह्यला?"

"नाही, चाचा."

"काहून?"

"भीती वाटली."

"पातेलं ठेव बरं," त्यांनी आत चाचीला आवाज दिला.

शेगडी अंगणातच आणली. पाणी खळखळायला लागलं तसा त्यांनी वाल चिमट्यानं आत सोडला आणि डोळे बारीक करून ते पातेल्यावर वाकले. वाफेनं असेल म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तू पाह्य बरं. उघडला का?"

तोच प्रश्न, तोच आवाज. बॅटरीचा झोत ते शिकवण्यासाठी धरत नव्हते. गेली किती वर्षं ते आमच्या डोळ्यांनी बघत होते कोण जाणे, आणि त्या दिवशी त्यांना मिळालेले डोळे माझे होते, फोनमध्ये घातलेले.

मी पातेल्यात पाहिलं, नीट, वाकून. वाल उघडला होता. ऐटीत, पूर्ण तोंड वासून. म्हणजे वाल चांगला होता, मशीन रुईनंच गेलं होतं. उघडला म्हणावं तर मी सुटलो, आणि धुताना नजर चुकली ती चाचांची. पण ती तरी चाचांची कुठं होती?

"नाही उघडला," मी म्हणालो. "बंदच आहे. चूक माझीच, चाचा."

चाचांनी चाचपडत चिमट्यानं वाल बाहेर काढला, खाटेच्या कडेवर ठेवला आणि चाचीनं आणलेला चहाचा कप संपेपर्यंत तसाच राहू दिला. मग उचलला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, तोंडावरून अंगठा फिरवला.

"हो," ते म्हणाले. "बंदच आहे. माह्यी सफाई बरोबर होती मंग."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. मी खोटं बोललो की खरं, हे मला त्या अंगणात कळलं नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात चाचा गेल्याचं ऐकलं तेव्हाही कळलं नाही. थंड झालेला वाल आपोआप मिटतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.