नाकानं दिसणारा रस्ता

काचबिंदूनं आईची नजर गेली आणि माझ्या भावानं तिचं एकटीनं माहेरी जाणं बंद केलं. धुळ्याहून असोदा, मध्ये जळगावला गाडी बदलायची. "मले नाकानं दिसतं," आई हटून बसली. शेवटी भाऊ म्हणाला, "एकदा जाऊन दाखव. कुठं चुकलीस तर पुन्हा नाव काढायचं नाही."

मला राहवेना. तिला न सांगता मी तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो. तिचं नाक भलतं तिखट, म्हणून त्या दिवशी डोक्याला तेलसुद्धा लावलं नव्हतं.

वाटेत सरकीच्या ढेपेचा आंबूस वास आला तशी ती शेजारच्या बाईला म्हणाली, "एरंडोल आलं पहा." मी खिडकीतून पाटी वाचली. एरंडोलच होतं! पुढे भाजल्या तुरीसारखा कोंदट, गोडसर वास आला. डाळ मिलचा. "आता जळगाव." आयुष्यभर या रस्त्यानं ये-जा करून मला फक्त डिझेलचा वास माहीत होता. कौतुकानं ऊर भरून आला आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

जळगावला विचारत विचारत तिनं असोद्याची गाडी पकडली. आता दहा मिनिटांचा प्रश्न होता. तेवढ्यात खिडकीतून वांगी भाजल्याचा धूर आत आला. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा. आई ताडकन उठली. "थांबव भाऊ, आलं असोदं!"

"अक्का, अजून पुढे आहे," कंडक्टर म्हणाला.

"माहं माहेर मले शिकवतो का?"

ती उतरली. मागोमाग मीही उतरलो. रस्त्याकडेच्या शेतात शहरातली मंडळी भरीत पार्टीला जमली होती. तिच्या लहानपणी हा वास गावाच्या खळ्यांतून यायचा. आता तो रस्त्यावर येऊन बसलाय, हे तिला कोण सांगणार?

काठी टेकत ती दोन पावलं गेली आणि थांबली. चेहरा पडला. हाक ओठांवर आली, पण मी ती गिळली.

मग ती वासाच्या दिशेनं वळली. "अरे, वांग्याले टोचे नही मारले का? फुटतीन ना!" शेतातले सगळे हसले. एका बाईनं तिला हात धरून बसवलं, भरीत-भाकरी वाढली, आणि जेवण झाल्यावर आपल्या मोटरसायकलवर मागे बसवून असोद्याला घेऊन गेली. मी बांधावर उपाशीच.

संध्याकाळी धुळ्याला परतून तिला फोन केला. "नीट पोचलीस ना? कुठं चुकली नाहीस?"

"नही रे. सीधी असोद्याले उतरली."

भाऊ शेजारीच कान देऊन उभा होता. मी म्हणालो, "मग पुढच्या वेळीही एकटीच जा."