मानेवरची छटा

माझे भाऊजी चित्रकलेचे शिक्षक. नजर अशी की कुणाच्या घरी गेले, तर आधी भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ करणार, मग पाण्याचा पेला हातात घेणार. मला त्यांचा राग यायचा. ताईला मात्र नवऱ्याच्या डोळ्यांचं भारी कौतुक. "यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही," असं ती शेजारणींना ऐकवायची.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत त्यांचा क्लास भरे. उजेड फक्त डावीकडच्या खिडकीतून, बाकीचे पडदे ओढलेले. नवख्यांना पांढऱ्या कापडावरचं अंडं, जुन्यांना माझी ताई. फुकटची मॉडेल, दोन तास जागची हलायची नाही. भाऊजीही तिला काढत बसत. "रेघेने नुसता आकार येतो, गोलाई येते ती छटेने," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी मी तिथे होतो. भाऊजींच्या कागदावर ताईच्या मानेवर, जबड्याखाली, एक पुसट काळसर छटा उतरली. तीही नेमकी उजेडाच्या बाजूला. मागून एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, इथे सावली कशी आली?"

भाऊजी वरमले. "मान सरळ ठेव गं जरा," म्हणून ताईवरच खेकसले. तिने ठेवली. त्यांनी पुन्हा बघितलं, पण चारचौघांत चूक निघालेली त्यांना सोसेना. "हात चुकला माझा," म्हणाले आणि खोडरबराने मान गुळगुळीत करून टाकली.

आठ महिन्यांनी त्याच जागेवरची गाठ कुणालाही दिसण्याएवढी झाली. "इतके दिवस काय करत होतात?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मला ते चित्र आठवलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी भाऊजींना नाही नाही ते बोललो.

शेवटच्या आठवड्यात ते तिच्या उशाशी बसले. मी पायाशी होतो.

"मला दिसली होती गं," ते म्हणाले. "मीच खोडली."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "माझ्या हाताला तर आधीच लागली होती. म्हणून त्या दिवशी केस वर बांधून बसले. म्हटलं, काही असेल तर यांना दिसेलच. तुम्ही खोडलंत आणि माझा जीव भांड्यात पडला. ते आठ महिने मी सुखात होते."

हे ती त्यांना धीर यावा म्हणून सांगत होती.