अकरावा चिंचोका

मालू माझी धाकटी जाऊ. गव्हाणची आगरीण. पोरं मोठी झाल्यावर शिकायला बसली, बी.ए. झाली, डी.एड. झाली आणि इंग्रजीच शिकवीन म्हणून हटून बसली. दोन शाळांनी तिला परत पाठवलं. कारण काय, तर बोलणं गावठी आहे. माझी तर तळपायाची आग मस्तकाला गेली. हिला शिकवता येतं का ते बघा ना, हेल कसले ऐकत बसता?

मग उलव्याच्या एका शाळेनं तिसरीवर पाठ घेऊन दाखवायला बोलावलं. मालू म्हणाली, "वैनी, इथं नाय जमलं तर मी पुन्ना जायाची नाय. दुकानातच बसंन." तिच्या नवऱ्याचं, भगवानभाऊजींचं, हार्डवेअरचं दुकान आहे. मी म्हटलं, "आधी स्कूटीवर बस." आणि वर्गात मीपण जाऊन मागच्या बाकावर बसले. मला उठवायला कोणी धजलं नाही.

पाठ होता आकड्यांचा. मालूनं टेबलावर चिंचोके ओतले आणि एकेक उचलत मोजायला लागली, "लाभ, टू, थ्री..."

वर्ग खिदळला. मुख्याध्यापिका रुचिरा मॅडमचं पेन थांबलं. अगं बया, म्हटलं, बुडाली ही. आमच्याकडे खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बाईच्या जिभेला ते लहानपणापासूनचं वळण.

मालू लाल झाली. माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. मग तिनं पदर खोचला.

"हसलात ना? आमी भात मोजताना पहिल्याला लाभ म्हणतो, बरकत यावी म्हणून. मोजायची अशी रीत सगळ्यांची असते. इंग्रजांचीपण हाय." तिनं दहा चिंचोके मोजून बाजूला सारले. वर एक ठेवला. "दहा झाले. किती उरला?"

"एक," पोरं म्हणाली.

"हाच इलेव्हन. फार जुन्या काळी त्या शब्दाचा अर्थच होता, एक उरला. अजून एक ठेवला, दोन उरले, तो ट्वेल्व्ह. पुढं मात्र त्यांनी उरलेलं मोजणं सोडलं. थर्टीन म्हणजे तीन आणि दहा. शेवटचा टीन म्हणजे टेनच. आणि शेवटी टी आला की दहा-दहाचे ढीग."

समीक्षा नावाची एक पोर उभी राहिली. "मग सिक्स्टी म्हणजे सहा ढीग?"

"लाव बघू."

झालं. सगळा वर्ग टेबलाभोवती. कोणी सेव्हन्टी लावतंय, कोणी नाइन्टी, चिंचोके पुरेनात. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी जागेवर जाईना. मला इतका आनंद झाला की मी भर वर्गात नाक शिंकरलं.

रुचिरा मॅडम उठल्या. "मालूताई, सोमवारपासून तिसरी तुमची."

मालूनं घरून पाठ करून आणलेलं 'थँक यू मॅडम' राहिलंच. हात जोडून ती म्हणाली, "येतो आमी."

"या," मॅडम म्हणाल्या, "वाट बघतो."