वाफसा येईपर्यंत

मामूंनी कधी एकाही गाडीला वाईट म्हटल्याचं मला आठवत नाही. दर्यापूरच्या बसस्टँडमागे त्यांचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान. बैलगाडीत घालून आणलेली मोटारसायकल पाहूनही मामू तिच्या टाकीवर हात ठेवून म्हणायचे, "थकली हाय बिचारी." मालक वैतागायचा, "मामू, भंगार हाय हे, भंगार!" त्यावर मामू म्हणायचे, "तिच्यासमोर नको बोलू ना बे."

त्यांचं नाव रहीमखाँ, पण त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना मामूच म्हणायची. मला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता तेव्हा त्यांच्या मोटारसायकलवरून माझ्याबरोबर तेच आले. वडिलांना कॉलेजच्या फाटकाचीच भीती वाटत होती. मामूंनाही वाटत असावी, पण त्यांनी ती गाडीवर ढकलली. "तू जाय अंदर. मी इथंच थांबतो. गाडीले एकटं सोडाचं नसते." दिवस कलल्यावर मी बाहेर आले, तर ते तिथंच उभे होते, उपाशी. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, असं सगळे म्हणतात. मला त्या पदवीत फाटकाबाहेर उभे असलेले मामू दिसतात.

मी पदवी घेऊन परतले ती वर्षं वाईट होती. पाऊस दगा द्यायचा, आणि पिकलंच तर कापसाला भाव नसायचा. गॅरेजात दुरुस्तीला येणाऱ्या गाड्या कमी झाल्या, विकायला येणाऱ्या वाढल्या. लोक पुन्हा सायकली काढू लागले. रिकाम्या हातांचं काय करावं हे मामूंना कळेना. मग त्यांनी एक गाडी बांधायला घेतली. अकोल्याच्या भंगार बाजारातून जुनं टू-स्ट्रोक इंजिन आणलं, सांगाडा स्वतः जोडला, उंच चाकं आणि दातेरी टायर बसवले. मातीतल्या शर्यतीची गाडी! ती चालू झाली की निळा धूर आमच्या दुकानात शिरायचा आणि वडिलांना खोकला यायचा. "मामू, माह्या गिऱ्हाइकाच्या कपड्याले वास लागते!" वडील ओरडायचे. "लागू दे. धुतल्याबिगर कोनी घालते का?" मामू म्हणायचे.

तोवर टू-स्ट्रोक गाड्या मागे पडत चालल्या होत्या. पण पुण्याकडच्या शर्यतींत त्यांचा एक गट अजून होता, आणि त्या गटातला एक नावाजलेला रायडर मामूंना फोटोंतून ठाऊक होता. त्यानं गाडी चालवून पसंत केली, तर पुण्याहून अशाच गाड्यांचं काम येईल आणि गॅरेज टिकेल, एवढाच मामूंचा हिशेब होता. फोन करायचं काम माझ्याकडे आलं. "तुह्या बोलन्यात कॉलेज हाय. माह्या बोलन्यात निस्तं ऑइल." मी बरेच फोन केले. शेवटी तो रायडर एका सत्कारासाठी अमरावतीला येणार होता. तो म्हणाला, "चार वाजता येतो. रात्रीच्या गाडीनं अकोल्याहून पुढं जाईन."

मामूंचे मित्र वासुदेवराव यांच्या वावराशेजारी शंकरपटाचं मैदान होतं. बैलांच्या त्या सरळ धावपट्टीला मामूंनी वळणं आणि उंचवटे जोडले. वासुदेवरावांनी ठरवलं, पाहुण्याच्या तोंडावर धूळ उडू द्यायची नाही. त्यांच्या विहिरीला थोडंच पाणी उरलं होतं, ते पऱ्हाटीला, म्हणजे उभ्या कापसाला, द्यायचं होतं. त्यांनी ते टँकरमध्ये भरलं आणि सकाळी सगळ्या मैदानावर मारलं. चारपर्यंत जमीन घट्ट बसली असती. पटाआधी आमच्याकडे असंच करतात.

रायडर दुपारी बारालाच आला. सत्कार लवकर उरकला होता आणि आता त्याला दुपारचीच गाडी पकडायची होती.

काळी माती ओली असली की काय करते, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. तो बसला, गाडी झेपावली आणि पहिल्याच वळणावर चाक जाम झालं. मडगार्डखाली चिखलाचा गोळा घट्ट बसला होता. मामूंनी खाली बसून पेचकसानं तो खरवडला. गाडी पुन्हा निघाली, पुन्हा अडली.

"दोन घंटे थांबा ना साहेब," मामू म्हणाले. "वाफसा येऊन जाईल."

"वाफसा म्हणजे?" त्यानं मला विचारलं.

"जमीन सुकून चालण्याजोगी होते ते," मी म्हटलं.

त्यानं घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता. रस्त्यावर चालवून पाहता का, असं मी विचारलं. "डांबरावर या गाडीचं काय कळणार?" तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. चहुबाजूंनी पऱ्हाटी उभी होती. दुसरी मोकळी जमीन नव्हती. "आवाज छान आहे. पुन्हा येईन," म्हणून तो गेला.

वासुदेवराव टँकरपाशी मान खाली घालून उभे होते. मामू त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वासुदेव, धूळ नाई उडाली बरं का. पाहुन्याचे कपडे जसेच्या तसे गेले."

काही महिन्यांनी मी पुन्हा फोन केला. मामू बूथच्या काचेबाहेरून माझं तोंड पाहत होते. टू-स्ट्रोकचा गटच बंद झाला, असं रायडरनं सांगितलं. आता येऊन उपयोग नाही. मी बाहेर येऊन तसंच सांगितलं. मामूंनी बूथवाल्याला फोनचे पैसे दिले. मग म्हणाले, "वासुदेवले नको सांगजो."

पुढं गॅरेज बंद झालं आणि मामू अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. ते फार वाळले होते. निघताना मी गाडीचं विचारलं.

"वासुदेवच्या कोठ्यात हाय. बैल इकले ना त्यानं, जागा खाली झाली. रोज पुसते म्हने तिले. मी म्हनलं, इकून टाक. तर म्हनते, पाहुना येईन ना."

"मामू, तुम्ही अजून सांगितलं नाही त्यांना?"

मामूंनी पेढ्याचा कागद नीट दुमडून माझ्या हातात ठेवला.

"कोन्या तोंडानं सांगू वं पोरी? सोताच्या पऱ्हाटीचं पानी मारलं होतं त्यानं."